माती आणि कागद

आपण कोण, असे कोणी विचारले की आपला हात आधी कागदांच्या पेटीकडे जातो. एका दाखल्यावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक'. माणूस तोच, पण एका अक्षरापायी आपण कचेरीत हेलपाटे घालतो.

हाच कागद झरीना हाश्मींनी वेगळ्या कामाला लावला. १९३७ साली अलीगढला जन्मलेल्या या चित्रकर्तीचे कुटुंब फाळणीनंतर काही वर्षांनी कराचीला गेले. त्या स्वतः देशोदेशी राहिल्या आणि २०२० साली लंडनला वारल्या. कागदाचा लगदा साच्यात घालून त्यांनी शिल्पे घडवली. १९९९च्या ३६ ठसाचित्रांत घर, दार, उंबरठा, अंगण यांच्या आठवणी उर्दू अक्षरांसह छापल्या. २००१ साली फाळणीची सीमा एका वेड्यावाकड्या काळ्या रेघेत उतरवली. दाखल्यावर न मावणारी ओळख त्यांच्या कागदावर मावली.

हातकागद आपल्याला परका नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो पिढ्यान्‌पिढ्या बनला. जुन्या चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा करायचा. एकदा लगदा झाला की कुठली चिंधी कुणाच्या अंगावरची, हे कोण सांगणार?

आपण मात्र सोयरीक जुळवताना पहिले विचारतो, बिरादरी कोणती? तेव्हा ती काळी रेघ आपणच आपल्या अंगणात ओढतो. आदम मातीचा, ही आपली श्रद्धा. मय्यतीला तीन मुठी माती देताना आपण बिरादरी विचारत नाही. मेलेल्याला दिलेली ही बरोबरी जित्या माणसाला देताना आपला हात का आखडतो?