झटक्यानंतर चेतापेशी कशी तगते?

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायूचा खप सुमारे 20 टक्के. त्यामुळे रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला, की पुरवठा पूर्ण तुटलेल्या गाभ्यातील चेतापेशी काही मिनिटांतच मरू लागतात. झालेली हानी भरून येत नाही, म्हणून पूर्वी उपचारांचा भर शुश्रूषेवरच असे. 1977 मध्ये आस्ट्रप, सायमन आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवरील प्रयोगांतून वेगळे चित्र मांडले. रक्तप्रवाह घटू लागला की आधी पेशींचे विद्युत्‌कार्य थांबते. पेशीतले पोटॅशियम बाहेर लोटले जाते ते प्रवाह आणखी बराच घटल्यावर. या दोन पातळ्यांमधल्या पेशी निकामी असतात, पण जिवंत असतात. त्यांना वाचवता येईल, ही कल्पना इथून रुजली.

त्यांना मारते कोण, याचा धागा जॉन ओल्नी यांनी 1969 मध्येच दिला होता. चेतापेशींमधला नेहमीचा संदेशवाहक ग्लुटामेट अति झाला, तर तोच विष ठरतो. ऊर्जा संपलेल्या पेशी ग्लुटामेट बाहेर सोडतात, शेजारच्या पेशींवरील एनएमडीए रिसेप्टर उघडतात आणि आत घुसलेले कॅल्शियम विघटक एन्झाइमे जागी करते. मग रिसेप्टरच बंद करावा, हे ओघाने आले. प्राण्यांमध्ये ते साधलेही. पण 1990च्या दशकात रुग्णांवर झालेल्या चाचण्या फसल्या. सेल्फोटेल या औषधाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली.

दरम्यान दुसरा विचार हृदयाच्या अभ्यासातून आला. 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी 5-5 मिनिटे चार वेळा रोखला. त्यानंतर 40 मिनिटांच्या अडथळ्याने होणारी हानी सुमारे एक चतुर्थांशावर आली. 1990 मध्ये जपानी संशोधकांना जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूत हेच दिसले. सौम्य ताण सोसलेल्या पेशी पुढचा घातक ताण पचवत होत्या, म्हणजे बचावाची यंत्रणा पेशीतच होती. तिचे दुवे हळूहळू उलगडले. त्यांतले एकेटी हे एन्झाइम बॅड या मृत्युप्रेरक प्रथिनाला फॉस्फेट जोडते. निष्प्रभ झालेले बॅड मग मायटोकाँड्रियाला धक्का लावू शकत नाही.

2002 मध्ये हार्डिंगहॅम आणि बॅडिंग यांच्या संशोधनाने हे दोन्ही विचार एकत्र आणले. चेतासंधीतले एनएमडीए रिसेप्टर क्रेब या प्रथिनामार्फत जगण्याची जनुके चालू करतात. संधीबाहेरचे तेच रिसेप्टर क्रेबला बंद पाडतात. सरसकट बंदीत मारक संदेशाबरोबर तारक संदेशही थांबत होता. म्हणून पुढचा रोख रिसेप्टर खुला ठेवून त्याचा घातक जोड तोडण्याकडे वळला. नेरिनेटाइड हे औषध रिसेप्टर आणि पीएसडी-95 प्रथिन यांची सांगड मोडते. 2020 च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज न दिलेल्या रुग्णांत मात्र आशादायक संकेत मिळाले.

जागेइतकीच वेळही निर्णायक असते. एमएमपी-9 हे एन्झाइम सुरुवातीला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत कमकुवत करते, पण काही दिवसांनी तेच नव्या रक्तवाहिन्यांच्या घडणीला हातभार लावते. त्यामुळे कोणताही मार्ग कायमचा तारक किंवा मारक ठरवता येत नाही. आजही उपचारांचा पाया रक्तप्रवाह लवकर सुरू करणे हाच आहे; संदेशमार्गांवरील औषधांकडून अपेक्षा आहे ती तोवर पेशी तगवण्याची आणि नंतरच्या दुरुस्तीला वाव देण्याची.