बाबागाडीची खोड

घरातील बाबागाडी विकावयाची ठरली तेव्हा माझ्या मनात प्रथम किंमतच आली, हे कबूल करतो. आखातातील मेहुण्याने ती धाडली होती. सोबत कड्या असलेली, उचलून न्यावयाची बाळाची टोपलीही होती. साखरखेर्ड्याच्या खडबडीत गल्ल्यांतून तिची चाके फारशी फिरली नाहीत. लेक वाढली ती लुगड्याच्या झोळीत. त्यामुळे गाडी नव्यासारखी दिसे. मात्र तिचा ब्रेक उतारावर कधीकधी आपोआप सुटे.

हे गिऱ्हाइकाला सांगावे काय? ‘जुनी वस्तू आहे, घेणाऱ्याने पाहून घ्यावी,’ असे एक मन म्हणाले. बैलबाजारात घेणारा दात मोजतो, बैल चालवून पाहतो आणि रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. पण बैल मारका असेल, किंवा भर नांगरटीत बसकण मारणारा असेल, तर ती खोड दातांत दिसत नाही. ती विकणाऱ्यालाच ठाऊक असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकात ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात नेमका हा प्रश्न घेतला आहे. घोडा एका डोळ्याचा असेल तर ते उघड दिसते. किंमत त्या मानाने कमी केली की बोलण्याची सक्ती नाही. दोष झाकलेला व धोक्याचा असेल तर मात्र तो सांगितलाच पाहिजे. ते आणखी म्हणतात की, घेणाऱ्याची निकड पाहून भाव वाढवू नये, कारण ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नसते. विकणाऱ्याला स्वतःचे नुकसान तेवढे धरता येते. लेकीच्या आठवणींचे पैसे लावण्याचा मोह मला झाला होता. पण आठवणी काही गाडीबरोबर जाणार नव्हत्या.

घोडा घेणारा बहुधा स्वतःच त्यावर बसतो. येथे सौदा दोघांचा, आणि गाडीत बसणार तिसरेच, ज्याला अजून बोलताही येत नाही. (अशा टोपलीला इंग्रजीत मोशेची टोपली म्हणतात. मोशेच्या आईने ती नदीकाठी ठेवण्याआधी डांबर व राळ लावली होती.)

शेजारच्या गावचे जोडपे आले. मी ब्रेकचे सांगितले. तरुणाने वाकून तो तीनदा दाबून पाहिला; तिसऱ्या खेपेस सुटला. पत्नीने कडेवरच्या बाळाला सावरले. त्यांनी टोपली तेवढी घेतली.

गाडी अजून ओसरीवर आहे. चाकाखाली विटेचा तुकडा लावला आहे.