कळणं आणि सुचणं

शिक्षकांच्या एका परिसंवादात मध्यंतरी घरी केलेल्या इंग्रजीच्या व्हिडिओंवर दोन तास चर्चा झाली. एका बाजूचं म्हणणं, हे घरगुती मास्तर चुकीचे उच्चार पसरवतात. दुसरी बाजू म्हणाली, क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांसाठी ही क्रांती आहे. एकजण चुका मोजत होता, दुसरा सबस्क्रायबर. व्हिडिओ पाहून झाल्यावर मुलाच्या तोंडून काय बाहेर पडतं, हे मात्र दोन तासांत कुणीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दहावीतली एक विद्यार्थिनी होती. रात्री जेवणं उरकली की आईचा फोन तिच्या हाती येई. व्हिडिओ थांबवत थांबवत तिनं दोन रंगांच्या शाईत साडेचारशे इंग्रजी वाक्प्रचार उतरवले होते. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित, 'अ पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं. विचारावा त्याचा अर्थ अचूक. मग मी इंग्रजीत सहज विचारलं, आई कुठं गेली आहे? आई दळण आणायला गेली होती. मुलगी 'मदर' म्हणाली, 'गो' म्हणाली आणि वहीकडे पाहू लागली. वहीत ते नव्हतं. गहू, पीठ, गिरणी, आणणं, सगळ्यांचे इंग्रजी शब्द तिला येत होते, हे मी नंतर एकेक विचारून पाहिलं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रॅपिडेक्सपर्यंत आपण घरबसल्या इंग्रजी शिकत आलो आहोत. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि शिकवणारा माणूस खिशात आला. धडा मात्र तोच राहिला: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. 'वाघ पाहून रामूच्या तोंडचे पाणी पळाले' असं लिहून आपण सगळ्यांनी गुण मिळवले आहेत. पुढे आयुष्यात खरोखर घाबरलो तेव्हा तो वाक्प्रचार किती जणांच्या तोंडी आला?

उच्चारांच्या तक्रारीत मला फारसा दम वाटत नाही. मराठी वळणाचं इंग्रजी जगात समजतं. इंग्रजीनं मराठी बुडेल ही भीती इथं तरी लागू नाही, कारण यातले बहुतेक व्हिडिओ मराठीतूनच समजावतात. आणि यंत्र भाषांतर करून देईल, मग शिकायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलांशेजारी बाकावर बसावं.

माझं खरं भांडण आहे ते, 'फक्त पाहत राहा, ऐकत राहा, भाषा आपोआप येईल' या मताशी. ते मवाळ दिसतं, मुलांवर दया करणारं दिसतं, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. त्यामागं एक गंभीर विचारही आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात मांडलं की समजेल असं पुरेसं ऐकलं-वाचलं की भाषा आत मुरते, आणि बोलणं त्याच्या पाठोपाठ येतं. ऐकल्यावाचून भाषा येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण 'ऐकल्यावाचून येत नाही' आणि 'ऐकलं एवढ्यानं येते' ही दोन वेगळी विधानं आहेत. १९८५ साली मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या, घरी इंग्रजी आणि शाळेत फ्रेंच, अशा मुलांबद्दल लिहिलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून ही मुलं समजण्यात फ्रेंच मुलांच्या जवळ पोहोचली होती. बोलण्या-लिहिण्यात मागंच राहिली होती. ऐकणं कमी पडलं असेल, असं यावर म्हणता येत नाही. शाळेत ती फ्रेंच ऐकतच होती.

कॅनडा दूरचा वाटत असेल तर न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी घरात जावं. 'त्याला मराठी सगळं कळतं हो, पण बोलत नाही', हे तिथल्या आया सांगतात. जन्मापासून कानावर मराठी, आजीचे व्हिडिओ कॉल, गणपतीतली नाटकं; आणि उत्तर इंग्रजीत. का? कारण इंग्रजीत उत्तर दिलं तरी आईला कळतं. त्याचं अडत नाही. आपल्याकडे हिंदी मालिका रोज पाहणारी, त्यातलं कारस्थान न् कारस्थान समजणारी बाई भोपाळच्या स्टेशनवर फलाट विचारायला का अडखळते? 'मूल नुसतं ऐकूनच तर शिकतं' हा दाखलाही टिकत नाही. मूल 'मम्' म्हणतं तेव्हा समोर कुणीतरी थांबलेलं असतं. ते पाणी देतं, चुकीचं दिलं तर मूल मान फिरवतं आणि पुन्हा म्हणतं. व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही. तुम्ही उत्तर दिलंत काय, न दिलंत काय, तो पुढच्या वाक्प्रचाराकडे जातो.

म्हणून मी कळणं आणि सुचणं यांत फरक करतो, आणि तो मला दिवसेंदिवस अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. कळताना शब्द बाहेरून येतो आणि आपण अर्थाकडे जातो. सुचताना अर्थ आधीच मनात उभा असतो, शब्दच नसतो. वाट एकच असली तरी घाट चढल्यानं उतरायचा सराव होत नाही. मराठीत 'मला कळलं' म्हणतात तसं 'मला सुचलं' म्हणतात. दोन्हीकडे 'मी' कर्ता नाही. शब्द हुकमानं सुचत नाही. काहीतरी सांगायचंच आहे आणि कुणीतरी वाट पाहतंय, अशा अडचणीच्या जागी तो सुचतो.

वाक्प्रचारांच्या बाबतीत हे फार बोचतं. सी. के. ऑग्डन यांनी १९३० साली ८५० शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' काढलं आणि त्यात क्रियापदं ठेवली फक्त १८. ओझं हलकं झालंसं वाटलं. पण 'टॉलरेट' हा एक शब्द टाळायचा तर 'पुट अप विथ' म्हणावं लागतं, आणि पुट, अप, विथ हे तिन्ही येत असणाऱ्यालाही ते तिघं मिळून 'सहन करणं' होतात हे कुठून कळणार? कळलं तरी ऐन वेळी सुचणार कसं? आपल्याकडे 'बोलून बसलो', 'बोलून टाकलं', 'बोलून गेला' यांतला फरक कुणी यादी करून शिकवला? पश्चात्ताप झाला तेव्हा 'बसलो' आलं, मन मोकळं झालं तेव्हा 'टाकलं' आलं. वहीतल्या साडेचारशे वाक्प्रचारांना असा एकही प्रसंग लाभलेला नव्हता.

तरीही हे व्हिडिओ मला टाकाऊ वाटत नाहीत. मराठी घरात बसून व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते, जी लंडनच्या स्टुडिओतल्या शिक्षकाच्या मनात येणंही कठीण. मराठीत राग येतो, भूक लागते, ताप येतो, थंडी तर वाजते. माणूस 'मला' म्हणून एका बाजूला उभा असतो. इंग्रजीत तोच माणूस 'आय' होऊन पुढं येतो: आय अ‍ॅम अँग्री, आय अ‍ॅम हंग्री, आय हॅव अ फीव्हर, आय फील कोल्ड. एवढी एक गाठ सोडवून दाखवणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ मला शंभर वाक्प्रचारांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. पण असे व्हिडिओ थोडे. बाकीचे घरातच चित्रित होतात, पण त्यांत घर कुठंच नसतं. मागं पांढरा फळा लावतात आणि ओटा, कणीक, गळका नळ, सगळं चौकटीबाहेर राहतं. घरगुतीपणाचं बळ तर त्यातच होतं.

आणि कॅमेऱ्यामागं नेहमी शिक्षकच का असावा? पॉल नेशन यांनी शिक्षकांपर्यंत पोहोचवलेली एक पद्धत आहे: विद्यार्थी तीच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगतो, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन. दर खेपेला सांगायचं काय ते ठरलेलं असतं, म्हणून सगळा जीव शब्द शोधण्यात घालता येतो. घरच्या फोनवर रीटेक घेताना हेच घडतं. माझा आग्रह एवढाच आहे की तो रीटेक मुलानं घ्यावा, आणि तो पाहायला खरोखर कुणीतरी असावं.

त्या मुलीला मी वही मिटायला सांगितली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेव आणि दळणाबद्दल मला सांग, म्हटलं. पहिल्या व्हिडिओत ती अकरा सेकंद बोलली आणि थांबली. दुसऱ्यात 'माय मदर वेंट टू फ्लोअर मिल' आलं. चौथ्यात, 'दळून आणणं' या दोन क्रिया इंग्रजीत कशा बांधायच्या हे मला विचारून गेल्यावर, 'शी हॅज गॉन टू गेट द व्हीट ग्राउंड' असं सरळ वाक्य आलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पुन्हा आली.

"सर, भरडणं कसं म्हणायचं? गिरणीवाला आईला विचारतो ना, जाडं की बारीक, ते सांगायचं राहिलंय."