शिष्याचें घड्याळ

गुरूचे दोष शिष्यानें पाहूं नयेत आणि दिसलेच तर बोलूं नयेत, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. संकेत चांगला आहे. तो नसता तर पुष्कळशा मठांचें आणि गवयांच्या घराण्यांचें काय झालें असतें, तें सांगवत नाहीं. परंतु ज्याला आपण गुरु मानतों त्याच्याच धंद्यांत आपणहि असलों, त्याचें काम कसें चाले हें आपण जवळून पाहिलें असलें, आणि पुढें त्याच्याविषयीं ग्रंथ लिहिण्याचा प्रसंग आपल्यावरच आला, तर हा संकेत पाळावयाचा कीं जें दिसलें तें सांगावयाचें? अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचें आत्मचरित्र परवां पुनः वाचीत असतां हा प्रश्न आमच्या मनांत आला, आणि पुस्तक मिटल्यावरहि तो गेला नाहीं.

ट्रॉलपचा गुरु विल्यम थॅकरे. हा १८११ सालीं कलकत्त्यास जन्मला. शिष्य त्याच्याहून चार वर्षांनीं लहान. आपल्या काळच्या कादंबरीकारांची प्रतवारी लावतांना ट्रॉलपनें पहिलें स्थान निःशंकपणें थॅकरेला दिलें आहे, आणि 'हेन्री एस्मंड' ही कादंबरी तर त्याच्या मतें इंग्रजी भाषेंतील सर्वश्रेष्ठ होय. सामान्य माणसांचा सामान्य संसार, त्यांतील लग्नें, वारसे, कर्जें, अब्रूसाठीं चाललेली ओढाताण, हेंच कादंबरीचें खरें क्षेत्र, अशी जी थॅकरेची दृष्टि तीच ट्रॉलपची. एका कथेंतील पात्रें दुसरींत मोकळीं हिंडूं द्यावयाचीं, ही रीतहि दोघांत समान. फक्त गुरूच्या हातांतील चाबूक शिष्याच्या हातीं नाहीं.

दृष्टि गुरूची, दिनक्रम मात्र अगदीं उलट. ट्रॉलपचा दिनक्रम सर्वांस ठाऊक आहे, कारण तो त्यानेंच जाहीर केला. पहांटे साडेपांचाला तो मेजाशीं बसे. त्याला उठविण्याचें काम एका म्हाताऱ्या मोतद्दाराकडे होतें. त्याबद्दल त्या मोतद्दाराला वर्षास पांच पौंड जास्त मिळत, आणि कॉफी घेऊन येण्यास तो कधीं चुकला नाहीं. आपल्या यशाचें श्रेय इतर कोणाहिपेक्षां या माणसाकडे अधिक जातें, असें ट्रॉलप म्हणतो, आणि तें तो थट्टेनें म्हणत नाहीं. पहिला अर्धा तास आदल्या दिवशींचें लिखाण वाचण्यांत जाई. वाक्यांचा नाद कानाला कसा लागतो तें त्याला पाहावयाचें असे. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशें शब्द. साडेआठ वाजले कीं लेखणी खालीं. न्याहारी झाली कीं गृहस्थ टपालखात्याच्या कामास मोकळा.

या खात्यांत तो १८३४ सालीं शिरला आणि १८६७ सालीं बाहेर पडला. इंग्रजी मुलखांत रस्त्याच्या कडेला टपालपेटी उभी राहिली ती त्याच्या शिफारसीनें. १८५२ सालीं चॅनेल बेटांवर तिचा आरंभ झाला. खात्याच्या कामासाठीं सारखी फिरती असे. आगगाडींत बसल्यावर मांडीवर लहानशी फळी घेऊन तो पेन्सिलीनें लिही, आणि तें पुढें त्याची पत्नी उतरून काढी. १८५८ सालीं खात्याच्याच कामगिरीवर तो मिसर देशास निघाला. बोट हिंदकळत असतां मध्येंच उठून ओकारी काढून यावें आणि पुनः पानाशीं बसावें, असें करीत त्यानें 'डॉक्टर थॉर्न' पुढें नेली. ती पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशीं 'द बर्ट्रॅम्स' सुरू! मध्यें एक दिवसाची विश्रांति नाहीं. आम्हांस तर हें वाचतांनाच दम लागला.

शिवाय प्रत्येक कादंबरीसाठीं एक रोजकीर्द असे. तींत आठवड्यांचीं घरें आंखलेलीं, आणि रोज किती पानें झालीं याची नोंद. आठवड्यास सरासरी चाळीस पानें. पान म्हणजे मोजून अडीचशें शब्द. कोरें राहिलेलें घर त्याच्या डोळ्यांत सलत असे. सत्तेचाळीस कादंबऱ्या अशा रीतीनें झाल्या. आत्मचरित्राच्या शेवटीं त्यानें आपल्या पुस्तकांची जमाबंदीहि दिली आहे : एकूण ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. शेवटचे पांच पेन्ससुद्धां त्यानें सोडले नाहींत.

हें सारें वाचून रसिक वाचक नाक मुरडतो. आपल्याकडे काव्यशास्त्रानें प्रतिभेला केवढें सिंहासन दिलें आहे! ती यावी, तिची वाट पाहावी, ती आली नाहीं तर लेखणी उचलूं नये. आणि हा मनुष्य सांगतो कीं, लेखकाला स्फूर्तीपेक्षां खुर्चीला लावलेल्या मोच्याच्या मेणाचा उपयोग अधिक! मोची जोडा शिवण्यापूर्वीं स्फूर्तीची वाट पाहात नाहीं, मग लेखकानें कां पाहावी? त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, आणि या कबुलीनेंच त्याची कीर्ति उतरली अशी पुष्कळांची समजूत आहे. ती सर्वस्वीं खरी असो वा नसो, लोकांना देवता हवी असते, कारखाना नको असतो, एवढें त्यांतून दिसतें.

परंतु या घड्याळाची टिकटिक त्याच्या कानीं प्रथम कोठें पडली हें पाहिल्याशिवाय त्याला हंसणें अन्यायाचें होईल. त्याचा बाप कर्जबाजारी होऊन १८३४ सालीं बेल्जममधील ब्रूज शहरीं पळून गेला. घर तेथें हललें. एक मुलगा क्षयानें अंथरुणास खिळलेला, नवरा खचत चाललेला, आणि मिळवतें माणूस एकच : ट्रॉलपची आई. पन्नाशी उलटल्यावर तिचें पहिलें पुस्तक छापलें गेलें होतें. दोन आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, औषधाच्या बाटल्यांशेजारींच दौत ठेवावी, आणि उरलेल्या वेळांत व रात्रीं जागून लोकांच्या करमणुकीसाठीं विनोदी कादंबऱ्या लिहाव्या, असा तिचा क्रम होता. मुलगा त्याच वर्षीं गेला, नवरा पुढच्या वर्षीं. मरणाऱ्या मुलाच्या उशाशीं मन गुंतलें असतां आपल्याला असें लिहितां आलें असतें असें वाटत नाहीं, अशी कबुली त्या लोखंडी माणसानेंहि दिली आहे. असली आई जिनें दिली त्या दैवानें त्याला 'आज मन लागत नाहीं' या वाक्याचा अर्थ कळण्याची शक्ति दिली नाहीं, यांत नवल काय?

आतां गुरूकडे वळूं. थॅकरेला वारशानें मिळालेली संपत्ति कांहीं कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्यानें आणि कांहीं त्याच्या स्वतःच्या जुगारानें गेली. १८४० सालीं त्याच्या पत्नीच्या बुद्धीस भ्रंश झाला तो पुनः सुधारला नाहीं. दोन लहान मुली पदरीं. 'व्हॅनिटी फेअर' १८४७-४८ सालीं महिन्याच्या महिन्यास हप्त्यांनीं निघाली, तेव्हां मजकूर अगदीं शेवटच्या घटकेस हातावेगळा करावा अशी त्याची रीत. ट्रॉलप त्याला आळशीहि म्हणतो. उद्यांवर ढकलण्याची संवय, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं ही मनाला लागलेली टोंचणी, हे त्याचे शत्रु, असें शिष्याचें निदान आहे.

या दोघांची गांठ पडली ती या दोषामुळेंच, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. 'कॉर्नहिल' मासिक जानेवारी १८६० पासून निघावयाचें ठरलें, संपादक थॅकरे. ऑक्टोबर १८५९ मध्यें ट्रॉलपनें लहान गोष्टी देण्याविषयीं त्याला लिहिलें. उत्तर आलें तें एका संपूर्ण कादंबरीच्या मागणीचें! मोबदला एक हजार पौंड, पण पहिला भाग डिसेंबरच्या मध्यापूर्वीं हवा. पहिल्या अंकांत मुख्य कादंबरी वस्तुतः खुद्द संपादकाचीच असावयाची. ती तयार नव्हती. ज्याच्याकडे घड्याळ होतें तो धांवून आला. 'फ्रॅम्ली पार्सनेज' सुरू झाली, अंकाच्या लाखावर प्रति खपल्या, आणि ट्रॉलपचें नांव घरोघर झालें. गुरूची दिरंगाई हेंच शिष्याचें भाग्य ठरलें. आणि ज्या दिरंगाईनें आपल्याला वर काढलें तिच्यावरच त्यानें पुढें, १८७९ सालीं, थॅकरेवरील आपल्या पुस्तकांत बोट ठेवलें.

तेवढ्यावरहि तो थांबला नाहीं. १८४८ सालीं थॅकरेनें टपालखात्यांत उपसचिवाची जागा मिळविण्याचा यत्न केला होता. वरिष्ठांची मर्जी होती, पण खात्यांतून विरोध झाल्यानें तें जमलें नाहीं. ट्रॉलप लिहितो, तें जमलें नाहीं हेंच ठीक झालें. कामाची माहिती नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षें राबलेल्यांच्या डोक्यावर बसविणें हा त्यांच्यावर अन्याय झाला असता, आणि थॅकरेला तें काम झेपलेंहि नसतें. त्या वेळीं आयर्लंडांत त्याच खात्याचें काम करीत घोड्यावरून वणवण करणारा कारकुनी पेशाचा ट्रॉलप या वाक्यांत बोलतो आहे. आम्हीं हें वाचलें तेव्हां प्रथम मनाला लागलें. मेलेल्या गुरूविषयीं एवढें सांगण्याची काय गरज? पण थोडा विचार करतां वाटलें कीं, येथें ट्रॉलपचें खरें आहे. प्रतिभा ही दुसऱ्याच्या हक्कावर पाय देण्याचा परवाना नव्हे. प्रकाशकाचे पैसे घेतले, वाचकाला तारीख दिली, तर ती पाळणें हा कलेचा नव्हे, साध्या सचोटीचा प्रश्न आहे. (हा लेख संपादकांकडे ठरल्या दिवसानंतर नऊ दिवसांनीं गेला, तेव्हां आम्ही कोणाच्या बाजूनें बोलत आहों हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.)

ट्रॉलप चुकतो तो पुढच्या पायरीवर. घड्याळ असतें तर थॅकरे याहून मोठा झाला असता, असें त्याच्या बोलण्याचें धोरण आहे. पुरावा म्हणून तो 'एस्मंड' पुढें करतो : ती हप्त्यांनीं निघाली नाहीं, १८५२ सालीं एकदम तीन खंडांत निघाली, आधीं नीट विचार करून लिहिली गेली, म्हणूनच ती श्रेष्ठ. परंतु ती लिहितांना थॅकरे ज्या मनःस्थितींत होता तिचें काय? मित्राच्या पत्नीवर त्याचा कित्येक वर्षें जीव जडला होता. १८५१ सालीं तो स्नेह तुटला, आणि त्या जखमेंतच 'एस्मंड' लिहिली गेली. त्या ग्रंथाचा जो खोल, उदास स्वर ट्रॉलपला सर्वांत प्रिय, तो रोजकीर्दीच्या कोणत्या घरांत मांडावयाचा? पानें मोजून लिहिल्यानें ट्रॉलपच्या कादंबऱ्या बिघडल्या नाहींत. बार्सेटशायरच्या त्या धर्मगुरूंच्या संगतींत आम्हीं कित्येक संध्याकाळ सुखानें घालविल्या आहेत. पण आपल्याला जें औषध लागू पडलें तें सर्वांस लागू पडेल असें मानणारा वैद्य धोक्याचा.

आणि घड्याळानें न मोजतां येणारी एक गोष्ट ट्रॉलपनेंच प्रामाणिकपणें नोंदून ठेवली आहे. एका मित्राला दोन हजार पौंडांची तांतडीची गरज होती. लंडनच्या हॉर्स गार्ड्सच्या पहाऱ्यापाशीं थॅकरे भेटला, आणि ट्रॉलपनें त्याला ती अडचण सहज सांगितली. मागण्याचा हेतु नव्हता. थॅकरे एकदम उसळला : दोन हजार पौंड मीं आणावयाचे कीं काय? ट्रॉलप गोंधळून गेला, नुसतें सांगितलें म्हणाला. मग गुरूच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक भाव आला, आणि लाजल्यासारखें करून तो हळूच म्हणाला कीं, उरलेले कोणी देत असेल तर निम्मे माझे. एकदोन दिवसांत ते दिलेहि. ज्याचा मजकूर कधीं वेळेवर आला नाहीं त्याचे पैसे वेळेवर आले.

हा प्रसंग सांगणारी लेखणी आणि टपालखात्याची हकीकत सांगणारी लेखणी एकच. म्हणूनच ट्रॉलपला कृतघ्न म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. त्यानें दोष लपविले नाहींत, तसें गुण सांगतांना हातहि आंखडला नाहीं. तथापि या बाबतींत बोलण्याचा आमच्याहून मोठा अधिकार एका व्यक्तीचा होता. आपलें चरित्र लिहूं नये असें थॅकरेनें मुलींना बजावून ठेविलें होतें, आणि थोरल्या मुलीला ट्रॉलपचें पुस्तक लागलें. ती दुरावली. पुढें त्यांचें पुनः जुळलें. ज्या घरांत तिनें बापाला आजारीपणांत मजकूर लिहितांना पाहिलें, त्या घरीं 'उद्यांवर ढकलण्याची संवय' हे शब्द कसे ऐकूं आले असतील याची कल्पना ट्रॉलपला नव्हती. त्याच्या घरीं लिहिणारी आई होती. ती थकली तरी पान थांबत नसे.

थॅकरे १८६३ सालीं नाताळच्या आदल्या दिवशीं पहांटे वारला. 'डेनिस डुव्हाल' ही त्याची कादंबरी अर्धवट राहिली. पुढें गॅस्केलबाई १८६५ त गेल्या, डिकन्स १८७० त गेला, तेहि कादंबऱ्या अपुऱ्या ठेवून. या तिघांचीं नांवें घेऊनच ट्रॉलपनें आत्मचरित्रांत सांगितलें आहे कीं, कादंबरी संपूर्ण हातीं असल्याशिवाय तिचा पहिला भाग छापावयास देणें ही वाईट रीत होय. हा नियम तो फार क्वचित् मोडी. अखेरच्या दिवसांत हात चालेना, तेव्हां पत्नीच्या भाचीला मजकूर सांगून तो लिहवून घेई. १८८२ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. त्याच महिन्यांत 'द लँडलीगर्स' ही त्याची कादंबरी एका साप्ताहिकांत सुरू झाली. ६ डिसेंबरला तो वारला तेव्हां तिचीं शेवटचीं प्रकरणें लिहावयाचीं राहिलीं होतीं.