मोलकरी की मेंढपाळ?

वाराणसीच्या राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले आहे, त्यामुळे मराठी यात्रेकरूला तो घाट परका वाटत नाही. गंगाकाठच्या इतर घाटांप्रमाणे त्याच्याही पाठीशी गल्ल्यांचे जाळे आहे. ह्या गल्ल्यांतून शाळेची बस जाऊ शकत नाही. अशा वस्तीतील आईबापांना मुलाचा हात धरून मोठ्या रस्त्यापर्यंत यावे लागते आणि तेथे ते मूल एका माणसाच्या स्वाधीन करावे लागते. वसईत, पुण्यात, नागपुरात आपणही रोज सकाळी हेच करतो. मुले त्या माणसाला ‘काका’ म्हणतात. त्याचे पूर्ण नाव मात्र फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

ह्या काकांकडून आपली नेमकी अपेक्षा काय असते? मुलांना वेळेवर पोहोचवावे, एवढीच असते असे आपण म्हणतो. परंतु अपघात झाला की लगेच दिसून येते, की आपण मनातून त्याच्याकडून कितीतरी अधिक मागत होतो.

25 जुलै 2016 रोजी वाराणसी व अलाहाबाद यांच्या दरम्यान, भदोही जिल्ह्यात, पहारेकरी नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसली आणि कोवळी मुले मृत्युमुखी पडली. चालकाच्या कानांत इअरफोन होते, त्यामुळे फाटकाजवळच्या माणसाने दिलेला इशारा त्याला कळला नाही, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. 26 एप्रिल 2018 रोजी त्याच राज्यात, कुशीनगरजवळ, पुन्हा तसाच अपघात झाला व 13 मुले गेली. पुढे 2019च्या जानेवारीअखेर ब्रॉडगेज मार्गांवरील अशी पहारेकरी नसलेली फाटके रेल्वेने नाहीशी केली. हे चांगलेच झाले. परंतु कान बंद ठेवून चाक धरणारा माणूस फाटकावाचूनही अपघात करू शकतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातील भेद सांगितला आहे. लांडगा दिसताच मोलकरी पळ काढतो; मेंढपाळ आपला प्राण देतो. हा उतारा वाचताना आपण सहसा धर्मगुरूंचा किंवा पाळकांचा विचार करतो. पण शाळेच्या बसचा चालक तर शब्दशः मोलकरी आहे. महिन्याच्या ठरावीक पगारावर दुसऱ्यांची लेकरे तो सांभाळतो. त्याने मेंढपाळासारखे वागावे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझ्या मते, कोणत्याही माणसाचा प्राण पगाराच्या मोबदल्यात मागता येत नाही. प्राण देणे हे दान आहे आणि दान वसूल करता येत नाही. चालकाकडून हक्काने मागता येते ती सावधानता. मेंढपाळाचे बहुतेक आयुष्य लांडग्याशी झुंजण्यात जात नाही. ते कुंपण पाहण्यात, मेंढरे मोजण्यात आणि वाट तपासण्यात जाते. उपदेश करताना आपण त्याचे मरण तेवढे सांगतो व हे सगळे गाळतो, ही आपली जुनी खोड आहे.

सावधानतेला पर्याय म्हणून धैर्य पुरत नाही, हे अमेरिकेतील एका घटनेवरून फार दारुणपणे कळते. 14 मे 1988 रोजी केंटकी राज्यातील रॅडक्लिफ येथील एका चर्चची मुले सहलीहून परतत होती. बस पूर्वी शाळेच्या सेवेत असलेली, जुनी. ती चालवत होते चर्चचे सहायक पाळक जॉन पिअरमन. कॅरलटन गावाजवळ महामार्गावर उलट दिशेने आलेली एका मद्यधुंद माणसाची गाडी बसवर आदळली. इंधनाची टाकी फुटली आणि बसने पेट घेतला. पुढचा दरवाजा निकामी झाला. सगळ्यांनी मागच्या एकाच संकटकालीन दरवाजाकडे धाव घेतली. मधली वाट अरुंद, त्यातच दरवाजाजवळ सामान ठेवलेले. धडकेने कोणी मेले नाही. बसमध्ये 67 जण होते, त्यांपैकी 27 जण आगीने व धुराने गेले. पिअरमन छोट्याशा अग्निशामक नळकांड्याने आग विझवण्याचा प्रयत्न करीत राहिले आणि तेही गेले. ह्या माणसाला मोलकरी म्हणण्याची कोणाची छाती होईल? मेंढपाळ तेथे होता. वाट मात्र मोकळी नव्हती, आणि दुसरे दारही नव्हते.

म्हणून नैतिक प्रश्न संकटाच्या त्या दोन मिनिटांत सुरू होत नाही. त्याचे उत्तर बरेचसे आधीच दिलेले असते: बस विकत घेताना, सामान कोठे ठेवायचे ते ठरवताना, आठ जणांच्या व्हॅनमध्ये चौदावे मूल कोंबताना. दहा कुमारींच्या दृष्टान्तातील तेल मध्यरात्री उसने मिळत नाही, ते ह्याच कारणाने.

चालकाने शिकून ठेवायच्या गोष्टी तशा फार नाहीत. बस बिघडली तर मुलांना शक्यतो आतच बसवून ठेवावे, कारण रहदारीच्या रस्त्यावर उतरवणे अधिक धोक्याचे. पण धूर किंवा आग दिसली, बस रुळांवर अडकली वा पाण्याकडे घसरू लागली, तर क्षणाचाही विलंब न करता उतरवावे. आधी हॅण्डब्रेक लावून इंजिन बंद करावे. दप्तरे आतच राहू द्यावीत. मोठ्या मुलांनी धाकट्यांचे हात धरावेत. बसपासून दूर नेल्यावर मुले मोजावीत. मदतीला दुसऱ्या कोणाला पाठवावे. चालकाने मुलांना सोडून जाऊ नये. हे सगळे कागदावर सोपे वाटते. हात थरथरत असताना ते आठवण्यासाठी त्याचा सराव लागतो.

जुलै 2024मध्ये तमिळनाडूतील तिरुप्पूर जिल्ह्यात शाळेच्या व्हॅनचे चालक सेमलैयप्पन यांना गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला. असह्य वेदनेतही त्यांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. मग त्यांचा प्राण गेला. एकाही मुलाला इजा झाली नाही. त्या क्षणी त्यांनी काही थोर विचार केला असेल असे मला वाटत नाही. रोज मुलांना उतरवताना गाडी कडेला घेणारे हात त्या दिवशीही गाडी कडेला घेऊन गेले असावेत. पुण्य सवयीत मुरलेले असते, असे जुने तत्त्वज्ञ सांगत आले ते हेच.

कायद्यानेही ह्या दिशेने पावले टाकली आहेत. नोव्हेंबर 1997मध्ये दिल्लीत वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा आणि चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव, अशा अटी घातल्या. महाराष्ट्राने 2011मध्ये शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. आपल्या मिशन शाळांतील किती समित्यांनी चालकाला कधी बैठकीला बोलावून, त्याची झोप पुरेशी होते का, ब्रेक केव्हा तपासले, दुसरी फेरी करताना त्याची घाई होते का, हे विचारले आहे? पालकसभेत आपण फीविषयी तावातावाने बोलतो. शंभर रुपये वाचतात म्हणून खच्चून भरलेल्या रिक्षात मुलाला बसवणारे पालकही रविवारी आपल्याच बाकावर बसलेले असतात. चालकाला मोलकऱ्याच्या भावाने ठेवायचे आणि अपघाताच्या दिवशी त्याच्यात मेंढपाळ शोधायचा, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे.

पुढच्या पालकसभेनंतर शाळेच्या मैदानातच बस उभी करावी, मुलांना आत बसवावे आणि मागच्या दरवाजाने ती किती वेळात रिकामी होते ते घड्याळ लावून पाहावे. तो दरवाजा गंजून बसला असेल, तर तेही त्याच दिवशी कळेल.