ज्याचं बीळ त्याचं

गोराईच्या खाडीचं पाणी ओसरलं की चिखल जिवंत व्हायचा. पलीकडे बोरिवली, अलीकडे आमचं गाव. मधल्या काळ्या चिखलात किती पोटं जगायची! एका बाजूला मोठा नांगा असलेले इवले खेकडे दिवसाउजेडी वर येत. तो मोठा नांगा फक्त नराला, आणि तोही खायला बिनकामाचा, मिरवायला नि भांडायला. बारक्या नांग्याने चिखल तोंडात घालायचा, त्यातलं शेवाळ चाळून घ्यायचं, उरलेल्याच्या गोळ्या बाहेर टाकायच्या. तिवरांच्या मुळांतले दुसरे खेकडे गळलेली पानं बिळात ओढून नेत. चिंबोरी मात्र बहुधा रात्री निघायची, भरतीच्या पाण्यात. तिचा नांगा शिंपला फोडायचा.

गावही असंच वाटून खायचं. पुरुष जाळ्यावर, बाया ओहोटीला खुबे-कालवं वेचायला. बांधाकडची बिळं एका विधवा म्हातारीची. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण आकडी घेऊन तिथे दुसरं कुणी जात नसे.

13 वर्षांचा असताना मी एका रात्री तिच्या बांधाला फग लावले. 7 चिंबोऱ्या मिळाल्या. सकाळी म्हातारी रिकामी टोपली घेऊन आमच्या दारावरून गेली.

"रात्री पाण्यात फिरत होत्या, मी धरल्या. चोरी कसली? आपल्या घरात तरी कुठे तांदूळ आहे?" मी आजीशी वाद घातला.

आजी म्हणाली, "बाला, खेकरा त्याच्या नांग्याएवढाच खातो. तुजा हात सगल्या बिलान जातो. मंग तुला कोन अरवनार?"

खेकड्यांची वाटणी काही मायेची नाही. सापडला तर चिंबोरी बारका खेकडाही खाते. तिला अडवतो तो तिचा नांगा आणि तिची वेळ. माणसाला दिवस-रात्र, भरती-ओहोटी, गाळ-शिंपला सगळंच जमतं. म्हणून 'हे माझं नाही' हे त्याला स्वतःलाच म्हणावं लागतं. मग भूक दोन्ही घरांत असली तर? मी मागितलं असतं, तर तिने 2 चिंबोऱ्या दिल्या असत्या. मागणं मला कमीपणाचं वाटलं, घेणं वाटलं नाही.

आजीने विक्रीचे पैसे देऊन मला तिच्याकडे पाठवलं. म्हातारीने ते मोजून घेतले. बोलली काहीच नाही.