लागली की जाऊन ये

चि. रेवा,


परवा ताईचा फोन आला होता. तू खुशाल आहेस, पहिल्या पगारातून आईला साडीसाठी पैसे पाठवलेस, ऐकून फार बरं वाटलं. पण बोलता बोलता ती म्हणाली, "साइटवर बायकांची सोय नाही, म्हणून पोरगी दिवसभर पाणीच पीत नाही. सकाळी निघताना जाते ती संध्याकाळी खोलीवर आल्यावर." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. बारमेरचं ऊन, डांबराची धग, आणि त्यात तू घसा कोरडा ठेवून उभी. फोनवर तू "हो गं मावशी" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच.

अगं, मूत्राशयात दीडशे-दोनशे मिलिलिटर साठलं की त्याची भिंत ताणली जाते. ती खबर मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्याच्या शेपटाकडे जाते आणि तिथून मज्जारज्जूतून वर मेंदूकडे. मोठ्या माणसाची पिशवी चारशे-पाचशेपर्यंत धरते, म्हणून पहिल्या खबरेनंतरही आपल्याला बराच वेळ मिळतो. तेवढा वेळ मेंदू 'थांब' म्हणत असतो, पिशवीचा स्नायू सैल राहतो आणि तोंडाशी असलेला स्नायू आवळलेला. आडोसा मिळाला, मनाने होकार दिला, की मेंदूच्या देठातल्या एका केंद्रातून हुकूम सुटतो. मग सगळं उलटं होतं. तोंड सैल पडतं, पिशवी आवळते, आणि हे दोन्ही जुळून यावं लागतं. लंडनच्या बॅरिंग्टन नावाच्या सर्जननी १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून ती जागा दाखवून दिली. आम्हाला नर्सिंगला हे शिकवलं तेव्हा मी थक्क झाले होते.

तान्ह्या बाळाला तो वरचा 'थांब' ठाऊक नसतो. पिशवी भरली की आपसूक रिकामी होते. मेंदूचा ताबा हळूहळू बसतो, कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. शाळेत जायला लागलीस तरी तू गादी ओली करायचीस, आठवतं? ताई चिडायची आणि मी तुला उचलून माझ्या अंथरुणात घ्यायचे. तुझा त्यात काही दोष नव्हता गं.

आता हा ताबा तू रोज आठ-दहा तास ताणून धरतेस. कधीतरी प्रवासात अडवलीस तर काही बिघडत नाही, त्याने नस मरत नाही. पण रोजची सवय वेगळी. पाणी कमी, त्यात लघवी साठलेली, म्हणजे जंतूंना हवी तेवढी सवड. जळजळ होते, उन्हाळे लागतात, ताप येतो, आणि जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले तर सलाइन लावून झोपावं लागतं. घाम गाळून पाणी न पिणाऱ्यांना खडेही होतात. शिवाय सतत आवळून धरायची सवय लागलेला तो स्नायू जायच्या वेळी नीट सुटत नाही. मग अर्धवट होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा लागल्यासारखं वाटतं. माझ्या बरोबरीच्या किती नर्सनी ड्यूटीच्या नावाखाली हा त्रास ओढवून घेतला, ते मी पाहिलंय.

घरचंही कळवते. तुझ्या बाबांची साखर आता ताब्यात आहे, पण गेल्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं की लघवी करून आल्यावरही बरीच आत राहते. त्यांना काही जाणवत नव्हतं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायांना जशी बधिरता येते तशी ती पिशवीच्या तंतूंनाही येते. खबर वर जातच नाही, पिशवी वाजवीपेक्षा जास्त भरत राहते आणि तिचा स्नायू थकतो. डॉक्टरांनी त्यांना घड्याळ लावून दर तीन तासांनी जायला सांगितलंय. ताई स्वयंपाकघरातून हाक मारते, ते कुरकुरत उठतात. तूही फोनवर विचारत जा, तुझं ते ऐकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझी जीप खडबडीत रस्त्यावरून जाते, आणि कंबर दुखते असंही ताई म्हणाली. आमच्या वॉर्डात पोती उचलणारा एक तरुण आला होता. कमरेत कळ येऊन पाय जड झालेले. मी विचारलं, "लघवी केव्हा झाली?" तो म्हणाला, "काल सकाळी. पण दुखत नाही, सिस्टर." पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक गोळा. कापसाचा बोळा मांडीच्या आतल्या बाजूने फिरवला, बैठकीच्या जागी फिरवला, त्याला काहीच कळेना. नळी घातली तेव्हा लिटरभराच्या वर निघालं. सरकलेल्या गादीने कण्याच्या शेवटच्या नसांचा जुडगा दाबला होता. रातोरात ऑपरेशन झालं, पाय सुधारले, लघवीवरचा ताबा मात्र पूर्वीसारखा आला नाही. तो दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकला. अशी स्वच्छ हातांनी, वेळच्या वेळी नळी घालायची पद्धत अमेरिकेतल्या लॅपिडीस नावाच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडली आणि मणक्याला मार बसलेल्या किती जणांची मूत्रपिंडं तिने वाचवली. तरी सोनू, वेळेवर दवाखाना गाठलेला केव्हाही बरा. कंबरदुखीबरोबर बसायची जागा बधिर वाटली, लघवी लागल्याचं कळेनासं झालं किंवा होईना, तर बाम चोळत बसू नकोस. सकाळची वाट न पाहता त्याच वेळी मोठं हॉस्पिटल गाठ. पायात मुंग्या आणि लघवीची तक्रार एकदम सुरू झाली तरीही तसंच.

नाहीतर तुझ्यासाठी एवढंच. तीन-चार तासांनी जाऊन यायचं, घाई न करता पूर्ण बसून. बाटली भरून जवळ ठेवायची आणि दिवसभर घोट घोट प्यायची. तहानेवर नुसता चहा चालणार नाही.

जायचं कुठे, हा तुझा प्रश्न खरा आहे, आणि त्यावर मी बराच विचार केला. बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा आहे. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तू इंजिनिअर आहेस, तुझा मेल कुणी कचऱ्यात टाकणार नाही. पण एकटीपुरतं मागू नकोस. तुझ्या साइटवर खडी वाहायला येणाऱ्या बायका आहेत ना, त्यातली एखादी पोटुशीही असेल. त्या कुठे जातात ते आधी विचार आणि सगळ्यांसाठी मिळून माग. कामाबरोबर पुढे सरकवता येईल असं शौचालय, आतून लागणारी कडी आणि पाण्याची टाकी, एवढं लिही. मसुदा करून मला पाठव, मी वाचून देते. सोय होईपर्यंत ड्रायव्हरला सांगून पेट्रोलपंपावर जीप थांबवत जा. त्यात लाजायचं काही नाही.

मेथीचे लाडू कुरिअरने पाठवलेत. मेल केव्हा टाकलास ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
मावशी